हायमेनडॉर्फच्या वाटेने: राजुरा ते मारलवाई, प्रकल्पाच्या नोंदी

१५ डिसेंबर २०२४, राजुरा

आजोबांची ट्रंक आज पुन्हा उघडली. कागदांना दरवर्षी ऊन दाखवते, पण या वेळी काही शोधायचं मनात होतं. आजोबा निजामाच्या अमदानीत याच तालुक्यात पटवारी होते. दप्तर उर्दूत, घर मराठीत आणि कामाच्या बहुतेक गावांत गोंडी. राजुरा तेव्हा हैदराबाद संस्थानातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला, आधी नांदेडला जोडला गेला आणि मग चांद्याला. किनवटही तसंच आदिलाबादेतून नांदेडकडे आलं. म्हणजे ज्या मुलखाला आपण आज 'तिकडचा' म्हणतो तो माझ्या आजोबांच्या हयातीत इकडचाच होता.

ट्रंकेत १३५६ फसली असा सन असलेली एक नक्कल मिळाली. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, हे आजोबांनीच मला बोटांवर शिकवलं होतं. म्हणजे १९४६. त्याच फसली सनात निजाम सरकारने आदिवासी भागासाठी वेगळा कायदा केला. त्यामागे ज्या माणसाचे अहवाल होते, त्याची वाट गुरुजींनी आणि मी चालायची ठरवली आहे.

तो माणूस क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. जन्म व्हिएन्नाचा, १९०९ चा. १९३६-३७ मध्ये नागा टेकड्यांत कोन्याक लोकांत राहून गेला होता. १९३९ मध्ये पुन्हा भारतात आला आणि महायुद्ध पेटलं. ऑस्ट्रिया हिटलरने आधीच गिळला होता, त्यामुळे पासपोर्ट जर्मन, म्हणजे इंग्रजांच्या लेखी शत्रुराष्ट्राचा नागरिक. निजामाच्या राज्याबाहेर जायला त्याला बंदी झाली. या बंदिवासाचं त्याने आणि त्याची पत्नी बेट्टी यांनी जे केलं ते मला फार मोठं वाटतं. आधी कृष्णाकाठच्या नल्लमल्ल्यातले चेंचू, मग गोदावरीकाठचे कोंडा रेड्डी आणि त्यानंतर आदिलाबादचे राजगोंड. युद्ध संपेपर्यंत संस्थानातल्या जंगलपट्ट्याची जितकी ओळख या जोडप्याला होती तितकी हैदराबादेत बसलेल्या फार थोड्यांना असेल.

गुरुजी जिवती तालुक्यातले, गोंड, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. माझं काम मराठी लिहायचं, गोंडी ऐकायचं काम त्यांचं. कामाची वाटणी इतकी सोपी नाही हे पुढे कळेलच.

२९ डिसेंबर

लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजकडे हायमेनडॉर्फची छायाचित्रं आहेत. त्यांतली आदिलाबादची निवडून लोकांना दाखवण्यापुरत्या प्रती काढल्या. चाळीस झाल्या. मागे पेन्सिलने गावाचं नाव, सन आणि आमचा क्रमांक.

गावांची नावं नकाशावर लावताना दिवस गेला. १९४० च्या दशकातली निम्मी नावं आज सापडत नाहीत. रात्री गुरुजींना फोन केला, तर म्हणाले, "ताई, आमच्यात गुडा, म्हणजे वस्ती, पाटलाच्या नावाचा असतो. पाटील गेला, नवा बसला, की नाव बदलतं. कधी गुडाच उठून दुसरीकडे जातो. तुम्ही नाव शोधू नका, कूळ शोधा."

पूर्ण रकाना खोडला. आता यादीत गावाच्या आधी कूळ आणि सगा, म्हणजे भाऊपणा मानणाऱ्या कुळांचा गट.

१० जानेवारी २०२५, जैनूर (तेलंगणा)

सकाळी राजुऱ्याहून निघालो. लक्कडकोट, वांकडी, आसिफाबाद, मग केरामेरीचा घाट. घाटापर्यंत कापसाची शेतं, शेवटची वेचणी चाललेली, आणि वर चढलं की साग. पानगळ सुरू झालेली. जैनूरला पोचेपर्यंत दुपार झाली. चहाच्या टपरीवर चौघे बसले होते. एक गोंडीत बोलत होता, दुसरा त्याला तेलुगूत उत्तर देत होता, टपरीवाला आमच्याशी मराठीत आणि कोपऱ्यातले चाचा उर्दूत. आजोबांचं दप्तर आठवलं.

मुक्काम साधा आहे. थंडी चांगलीच.

११ जानेवारी, मारलवाई

आजची तारीख धरूनच प्रवास आखला होता. बेट्टी हायमेनडॉर्फ ११ जानेवारी १९८७ रोजी हैदराबादेत वारल्या. त्यांची इच्छा मारलवाईत विसावण्याची होती. हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये लंडनला वारले आणि २०१२ मध्ये त्यांच्या मुलाने अस्थी इथे आणून आईशेजारी ठेवल्या. दर वर्षी या दिवशी गाव दोन्ही समाध्यांवर आपल्या रीतीने पूजा करतं. अधिकारी येतात, भाषणं होतात. पण त्या सगळ्याच्या आधी, सकाळीच, गावातल्या बायका समाधीभोवतीची जागा शेणाने सारवत होत्या. मी जवळ उभी राहिले. एकीने सारवता सारवता विचारलं, "तुमच्या घरचे का?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "आमच्या घरचे."

चाळीस छायाचित्रांचा गठ्ठा दुपारी पाराजवळ सोडला. मी मनात यादी करून आले होते की लोक आधी चेहरे ओळखतील. तसं झालं नाही. आधी बैल ओळखले गेले. मग एका चित्रातली घराची रांग: "हे इकडून काढलं, कारण चिंच डाव्या हाताला आहे." एका म्हातारीने चित्र डोळ्यांशी इतकं जवळ धरलं की नाक टेकलं. चित्रात ओसरीवर बसलेल्या तिघीजणी होत्या. तिने मधल्या बाईच्या गळ्यावर नख ठेवलं. मण्यांच्या सरी आहेत एवढंच मला दिसत होतं. म्हातारीने सरी मोजल्या, मग कानातलं पाहिलं, मग लुगड्याचा काष्टा. आणि गुरुजींना गोंडीत काहीतरी सांगितलं. गुरुजी म्हणाले, "त्या म्हणताहेत, ही बाई या गावची लेक नाही, सून आहे. अजून नवीन आहे." चित्राच्या मागे आम्ही 'गोंड स्त्रिया' एवढंच लिहिलं होतं.

मारलवाईत हायमेनडॉर्फ दांपत्य गावातच राहिलं, गवताने शाकारलेल्या घरात. लच्छू पटेल तेव्हाचा गावपाटील. मानववंशशास्त्राच्या वर्गात हे 'क्षेत्रकार्य' म्हणून शिकवतात. इथे ते शेजार म्हणून लक्षात आहे.

आणखी एक. गुसाडी नाचातले पद्मश्री कनक राजू याच गावचे. २०२१ मध्ये सन्मान मिळाला आणि गेल्या ऑक्टोबरात ते गेले. गावात त्यांच्याबद्दल अजून चालू काळात बोलतात, "राजू शिकवतो" असं. दिवाळीत, मोरपिसांचे टोप चढवून दंडारी निघते तेव्हा यायला हवं. पुढच्या वर्षीच्या यादीत लिहिलं.

१२ जानेवारी, मारलवाई

आजची नोंद लांब होणार.

गावातल्या एका घरी सकाळी बोलावणं आलं. म्हातारे बाबा चौऱ्याऐंशीच्या आसपासचे. आधी मला नव्हे, गुरुजींना विचारलं: सगा कोणता? गुरुजी म्हणाले, सारवेन. बाबांचाही सारवेन. झालं, गुरुजी त्यांचे तम्मुर झाले, धाकटे भाऊ. पुढचे दोन तास त्या नात्यातच बोलणं झालं.

मराठी वाचकासाठी इथे लिहून ठेवते. गोंडांचे सगे मोजून सांगतात: कुळांचे मूळ भाऊ चार, पाच, सहा आणि सात. नालुंग म्हणजे चार, त्यावरून नालवेन. सैयुंग पाच, सारुंग सहा, येडुंग सात. एका सग्यात लग्न होत नाही, तो भाऊपणा. बाहेर सोयरीक. बाबांना हे गणित कुणी शिकवायची गरज नव्हती, पण आकडे लिहायला ते शाळेत शिकले. आणि ती शाळा या गावातली.

१९४३ मध्ये मारलवाईत गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करायला सुरुवात झाली. आधी गोंडीतून अक्षरओळख, मग इतर भाषा. बाबांचा थोरला भाऊ त्या तरुणांपैकी. त्यानेच बाबांना शिकवलं. वाचनपुस्तकं गोंडी भाषेत आणि लिपी देवनागरी. देवनागरी का, तर या भागातल्या गोंडांचा बाजार, कर्ज, कोर्ट आणि कथा यांचा मोठा हिस्सा मराठीशी बांधलेला होता. त्यांच्या कुळकथा सांगणारे परधान तर घरात मराठीच बोलत. किंगरीवर गोंडांचे देव गायचे गोंडीत आणि लेकराला झोपवायचं मराठीत.

बाबांनी काठीने अंगणात 'रोन' लिहिलं. घर. मग 'येर', पाणी. 'मरा', झाड. र ला फराटा खालपर्यंत ओढण्याची जुनी पद्धत. माझ्या आजोबांचा र तसाच होता. मी काही बोलले नाही, फक्त अंगणाचा फोटो घेतला.

या कामात आपला एक माणूस होता हे महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक आहे. सेतुमाधवराव पगडी. शिवकाळाची फारसी साधनं उलगडणारे इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्याआधी ते निजामाच्या नागरी सेवेत होते, आदिलाबादेत गोंड आणि कोलामांमध्ये काम करत होते, दोन्ही भाषा शिकले आणि दोन्हींची व्याकरणं लिहिली. गोंडी शिकून गोंडांशी बोलणारा मराठी अधिकारी, १९४० च्या दशकात! शाळेत मला पगडींचं नाव शिवाजी महाराजांच्या धड्याशी जोडून सांगितलं, गोंडी व्याकरणाशी कधीच नाही. हे दुरुस्त व्हायला हवं.

बाबांची शाळा पुढे तेलुगू झाली. संस्थान गेलं, राज्य बदललं, आणि गोंडीतून शिकवणं थांबलं. बाबांच्या मुलांना देवनागरी येत नाही, बाबांना तेलुगू वाचता येत नाही. एका घरात दोन लिप्या, एकमेकींना अनोळखी. (जवळच्या गुंजाळा गावात गोंडीची स्वतःची लिपी असलेली जुनी हस्तलिखितं मिळाली आणि २०१८ मध्ये ती लिपी युनिकोडमध्ये गेली. बाबांचा नातू ती मोबाईलवर शिकतो आहे. म्हणजे आता तीन.)

निघताना मी वही दाखवली. पहिल्या पानावर प्रवासाचा क्रम: मारलवाई, कोलाम गुडा, जोडेघाट, जंगुबाई, केसलापूर. बाबांनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं आणि जोडेघाटवर थांबले.

"हे खाली काहून?"

मी म्हटलं, वाटेत नंतर येतं म्हणून.

"आधी भीमाचं लिवा बाई, मंग साहेबाचं. भीम मेला म्हणून साहेब आला."

१३ जानेवारी, वरचा कोलाम गुडा

तास-दीड तासाची चढण. गोंड सखल काळ्या जमिनीवर, कोलाम डोंगराच्या उतारावर, ही जुनी मांडणी अजून दिसते. गोंडीत कोलामांना 'पुजारी' म्हणतात, कारण इथल्या मातीचे देव कोलामांनीच पुजायचे अशी गोंडांचीही श्रद्धा. राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या तेव्हा उतारावरची ही शेती सगळ्यात आधी उठली. आज बांबूच्या चटया आणि टोपल्या. एका बाईने बोलता बोलता बांबूची पट्टी दातात धरून चिरली, सरळ रेषेत, हातभर. कोलामी मला एक अक्षर कळत नाही आणि गुरुजींनाही थोडीच येते. जास्त विचारलं नाही. यवतमाळच्या कोलामांकडचा कुणी जोडीला घेऊन परत यायचं.

१४ जानेवारी, जोडेघाट

संक्रांत. तिळगुळाचा डबा घेऊन निघालो.

रस्ता आता चांगला झालाय, स्मारक आणि संग्रहालयही उभं आहे. तरी शेवटच्या टेकड्यांत शिरलं की कळतं इथे का जमले होते ते. चहूबाजूंनी उतार, आत सपाटी, पाणी जवळ.

कुमरम भीम. घराण्याने कसलेल्या जमिनी सरकारी जंगलात गेल्या. घरं जाळणं, दंड, गुरं हाकून नेणं. भीम तरुणपणी मुलूख सोडून गेला. चांद्याला एका छापखान्यात त्याला अक्षरओळख झाली, पुढे आसामच्या चहामळ्यांत काम केलं, असं इथे सांगतात. परत येऊन बाबेझरी आणि जोडेघाटच्या परिसरात त्याने जमीन कसायला घेतली, पट्टे मागितले, अर्ज केले. अर्ज हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. बंदूक नंतर आली. 'जल, जंगल, जमीन' ही घोषणा आज देशभर ऐकू येते, ती त्याच्या नावाशी जोडलेली आहे. १९४० मध्ये निजामाच्या पोलिसांनी इथे त्याला आणि त्याच्या साथीदारांना गोळ्या घातल्या. पुण्यतिथी अश्विन पौर्णिमेला पाळतात. आपली कोजागरी. आपण दूध आटवतो त्या रात्री.

या रक्तपातानंतर निजाम सरकारला प्रश्न पडला की हे लोक का उठले, आणि कारणं शोधायला हायमेनडॉर्फला पाठवलं गेलं. त्याने जे पाहिलं ते मुलाहिजा न ठेवता लिहिलं: वनखात्याच्या हद्दी, खालच्या नोकरांची लूट, सावकार, बाहेरून येऊन पट्टे करून घेणारे. बस्तरच्या माडियांवर लिहिणारे ग्रिगसन पुढे निजामाचे महसूलमंत्री झाले, त्यामुळे ऐकणारं माणूसही होतं. मग शाळा, मग जमिनीचे पट्टे, मग १३५६ फसलीचा कायदा.

काल रात्रभर बाबांचं वाक्य डोक्यात होतं. मी हा प्रकल्प एका परदेशी अभ्यासकाची वाट म्हणून आखला. त्याच्याबद्दल माझा आदर कमी झालेला नाही, उलट वाढला, कारण आपण कशामुळे इथे आलो हे तो स्वतः विसरला नव्हता. पण आखणी चुकली होती. वाट मारलवाईपासून सुरू होत नाही.

वहीचं पहिलं पान फाडलं नाही. वर बाण काढून जोडेघाट पहिलं केलं.

तिळगुळ स्मारकाच्या रखवालदाराला आणि गुरं घेऊन आलेल्या दोन पोरांना दिला. "गोड बोला" म्हटल्यावर धाकटा म्हणाला, "मी गोंडी बोलतो."

१६ जानेवारी, राजुरा

ध्वनिमुद्रणं उतरवायला घेतली. बाबांचं पहिलं पाऊण तास वाऱ्याने गेलं. माईकवर फडकं बांधायला विसरले, चूक माझीच. अंगणातल्या शब्दांचा फोटो आहे म्हणून बरं.

१९ जानेवारी, परांदोळी, महाराजगुडा, जंगुबाई

जिवतीकडून उतरलो. मोबाईलवर तेलंगणात स्वागत आहे असा संदेश आला, पुढच्या वळणावर महाराष्ट्राचा, मग पुन्हा तेलंगणाचा. ही डझनभर गावं दोन्ही राज्यं आपली म्हणतात. एका घरात दोन शिधापत्रिका, दोन मतदार ओळखपत्रं, एका गावात मराठी शाळा आणि तेलुगू शाळा. बाहेरच्यांना याची गंमत वाटते, बातम्या तशाच येतात. इथल्या माणसाचा मुद्दा वेगळा आहे: जमिनीचा पट्टा कोण देणार? सवलत दोघांची मिळते, पण सातबाऱ्याचं नाव काढलं की प्रत्येक राज्य दुसऱ्याकडे बोट दाखवतं. पट्ट्यासाठी भीमाने अर्ज केले त्याला ८५ वर्षं होत आली.

डोंगरावर मराठवाड्याकडून आलेली पुष्कळ कुटुंबं आहेत. दुष्काळाने घर सोडलेली, कष्टाळू माणसं. त्यांना दोष देऊन भागणार नाही. पण हायमेनडॉर्फ १९७० च्या दशकात परत आला तेव्हा त्याला दिसलं ते हेच: रस्ते झाले, आणि रस्त्यांनी महाराष्ट्राच्या बाजूने लोक आले, आणि १९४० च्या दशकात मिळालेल्या जमिनी गोंडांच्या हातून निसटल्या. हे मराठीत लिहिताना हात जड होतो. तरी लिहायलाच हवं, कारण येणाऱ्यांत आपले होते.

पौष चालू असल्याने जंगुबाईच्या गुहेकडे रांग होती. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या गाड्या आणि आदिलाबाद-आसिफाबादच्या. आतल्या अंधारात दिवे. बाहेर "जय जंगो, जय लिंगो". १९५६ ची रेषा या डोंगरावरून जाते, पण इथे ती कुणाला ओलांडावी लागत नाही, कारण कुणी ती धरलेलीच नाही.

२८ आणि २९ जानेवारी, केसलापूर

पौष अमावास्या. नागोबाची जत्रा.

मेसराम कुळाची माणसं गोदावरीचं पाणी झारीत घेऊन अनवाणी चालत येतात. कितीतरी कोसांची वाट. झारी जमिनीवर टेकवायची नाही, मुक्कामाला झाडाला टांगायची. केसलापुरात आल्यावर वडाखाली तळ. आम्ही पोचलो तेव्हा बैलगाड्या सोडलेल्या, चुली पेटलेल्या. मेसरामांच्या शाखांच्या चुली ठरलेल्या असतात, कुणीही कुठेही मांडत नाही. पूजेची मडकी सिरिकोंड्याच्या कुंभाराची, पिढ्यान्पिढ्या त्याच घरची. देऊळ आता दगडी आहे, मेसरामांनी आपल्याच वर्गणीतून बांधलेलं.

मध्यरात्रीच्या सुमारास महापूजा. त्यानंतर नव्या सुनांची भेट. पांढरी लुगडी, डोक्यावरून चेहरा झाकणारा पदर, एकीमागून एक. ज्या सुनेची नागोबाशी भेट झाली नाही ती अजून पुरती मेसराम झाली नाही. माझ्या शेजारी एक मध्यमवयीन बाई उभी होती, तिची सून त्या ओळीत होती. थंडीने की कशाने तिचे हात थरथरत होते. "माझी झाली तेव्हा पाय दिसत होते फक्त पुढचीचे," ती म्हणाली. मी ओळीकडे पाहिलं. खरंच, प्रत्येकीची नजर पुढच्या टाचांवर. जोडव्यांचा आवाज, आणि मागून तुडुम ढोलाचा.

मारलवाईतल्या म्हातारीने मण्यांवरून सून ओळखली होती, ती का ओळखू शकली ते इथे समजलं. सून होणं ही इथे मिरवायची, नोंदवायची गोष्ट आहे. छायाचित्र क्रमांक १७ च्या मागे आता 'मधली: नवी सून' असं लिहिलं आहे.

जत्रेतला दरबार हायमेनडॉर्फच्या काळापासूनचा. लोक जत्रेला जमतातच, तर अधिकाऱ्यांनी तिथे येऊन गाऱ्हाणी ऐकावीत ही कल्पना. आजही भरतो. आम्हाला त्या दिवसापर्यंत थांबता आलं नाही, शाळेची रजा संपली. पण अर्ज लिहून देणारा एक तरुण वडाच्या पलीकडे आधीच बसलेला होता आणि त्याच्यापुढे रांग होती. पाच अर्ज मी बाजूला बसून ऐकले. चार जमिनीचे, एक शाळेला शिक्षक नसल्याचा.

३० जानेवारी, इंद्रवेल्ली, परतीच्या वाटेवर

केसलापूरहून जवळच. रस्त्याच्या कडेला स्तूप.

२० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर इथे पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा. गावकरी तो मानत नाहीत. जोडेघाटनंतर ४१ वर्षांनी, स्वतंत्र भारतात, आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला देता येणार नाही असा कायदा १९५९ आणि १९७० चा हातात असताना. हा कायदा इथे सगळे 'वन-सेवंटी' म्हणून ओळखतात, अक्षरशत्रू माणूससुद्धा.

गुरुजी बराच वेळ गाडीतून उतरले नाहीत. मग उतरले, चप्पल काढली आणि आत गेले. मी फाटकाशी थांबले. मला त्यांच्याबरोबर जायचं की नाही ते ठरवता येईना. त्यांनीच मागे वळून पाहिलं, "या ताई."

९ फेब्रुवारी, मारलवाई

छायाचित्रांच्या प्रती गावात ठेवायच्या होत्या. शाळेत ठेवू म्हटलं तर बायका म्हणाल्या, शाळा सुटीत बंद असते. पाटलाच्या घरी ठेवल्या, प्लास्टिकच्या डब्यात, ओल लागू नये म्हणून. ज्यांची घरं चित्रांत आहेत त्यांना त्यांच्या प्रती वेगळ्या दिल्या. क्रमांक १७ त्या म्हातारीने मागून घेतलं.

बाबांकडे नोंदींची टंकलिखित पानं नेली. मोठ्या अक्षरात छापली होती. नातू म्हणाला, मी वाचून दाखवतो, आणि थांबला, कारण त्याला देवनागरी येत नाही. बाबांनी पानं स्वतःकडे ओढली. चष्मा नव्हता, सूनबाईने आणून दिला. पहिल्या ओळीखाली नख ठेवून सावकाश वाचायला लागले. अक्षर, मग शब्द, मग पुन्हा तोच शब्द ओळीतल्या चालीवर. 'जोडेघाट' आलं तेव्हा वर पाहिलं नाही, मान हलवली आणि पुढे गेले.

तिसऱ्या पानावर मी त्यांचे आकडे लिहिले होते. तिथे नख अडलं.

"येडुंग नाही," ते म्हणाले. "लांब लिवलंय तुमी. येळुंग नि येडुंगच्या मधी हाये ते. बोला." आणि त्यांनी तो आकडा उच्चारला, जीभ मागे वळवून. मी म्हटलं. नाही. पुन्हा म्हटलं. नाही. नातवाने म्हटलं, बरोबर आलं. माझं सहाव्या-सातव्या वेळेला जवळपास आलं असावं, कारण त्यांनी पेन मागितलं, माझ्या छापील ड खाली स्वतःच्या हाताने एक टिंब दिलं आणि पान उलटलं.